तिसरा हात

आधीच सांगते, हे मी कोणाला पटवायला लिहीत नाहीये. ज्यांना "ताई, तुमची झोप कमी झाली असेल" असं म्हणायचंय, त्यांनी ते माझ्या तोंडावर येऊन म्हणावं. आमच्या मोठ्या डॉक्टरांचं म्हणून झालंय. त्यांना मी काय उत्तर दिलं, ते पुढे येईलच.

ही घटना खरी आहे. ऐकीव नाही. मैत्रिणीच्या मावसबहिणीची नाही. माझी स्वतःची आहे, आणि माझ्या वहिनीची.

अशा गोष्टी रात्रीच घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली. बाहेर ऊन होतं. वेटिंगमध्ये माणसं पेपर चाळत होती. पण आमचं खातं तळघरात. तिथे खिडकी नाही. दिवस आहे की रात्र, ते फक्त भिंतीवरच्या घड्याळाला माहीत.

मी रेडिएशनच्या मशीनवर काम करते. कॅन्सरच्या पेशंटला टेबलावर झोपवायचं, नीट जुळवायचं, बाहेर यायचं, दार लावायचं आणि बटण दाबायचं. किरण चालू असताना आत फक्त पेशंट असतो.

एकटा.

दार हातभर जाड. भिंती त्याहून जाड. आम्ही बाहेर बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याच्याकडे बघत असतो.

तोंडाचा किंवा घशाचा पेशंट असेल तर त्याला जाळीचा मास्क लागतो. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करायची आणि त्याच्याच चेहऱ्यावर दाबायची. थंड झाली की नाकाडोळ्यांसकट कडक होते. रोज तीच जाळी चढवून क्लिपांनी टेबलाला घट्ट बसवतो. मान तसूभर हलत नाही. बोलताही येत नाही.

म्हणून प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो.

"काही त्रास झाला तर हात वर करा. मी लगेच मशीन थांबवून आत येईन."

हे वाक्य लक्षात ठेवा.

मी शाळेत असताना आई गेली. त्यानंतर माझ्या वेण्या वहिनीने घातल्या. माझ्या परीक्षांना माझ्यापेक्षा जास्त ती घाबरली. मला नोकरी लागली तेव्हा सगळ्यात मोठ्याने तीच रडली. आणि बोलायला तर अशी की दादा म्हणायचा, "आमच्या घरी रेडिओ घ्यायची कधी गरजच पडली नाही."

त्या वहिनीच्या जिभेच्या उजव्या कडेला फोड आला. दात लागला असेल म्हणत तिने अंगावर काढला. शेवटी मीच ओढत नेलं. तुकडा तपासला.

कॅन्सर.

ऑपरेशन झालं. मग रेडिएशन, तेही माझ्याच मशीनवर.

"वन्सं," चिडवायचं असलं की ती मला असंच म्हणते, "लहानपणी तुम्हाला फार धपाटे घातले मी. आता घ्या सूड उगवून."

मी हसले. बाथरूममध्ये जाऊन रडले. परत येऊन तिला मास्क चढवला.

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

किरण कुठून द्यायचे, किती द्यायचे, मानेचा कोणता भाग घ्यायचा आणि कोणता सोडायचा, याला आम्ही प्लॅन म्हणतो. पूर्वी डॉक्टर आणि फिजिसिस्ट बसून तो आखायचे. फिजिसिस्ट म्हणजे किरणांचा हिशेब बघणारा. दिवसच्या दिवस जायचे. मग आमच्याकडे एआय आलं. आमच्याच जुन्या पेशंटांचे हजारो प्लॅन त्याला खायला घातलेले. नवा स्कॅन टाकला की ते त्याच्यासारखे जुने पेशंट शोधतं, त्यांना काय दिलं होतं ते बघतं, आणि चहा संपायच्या आत प्लॅन हजर. डॉक्टरांनी बघायचं आणि सही करायची.

आम्ही त्याला 'आजोबा' म्हणायचो. आजोबांनी दुनिया पाहिलीय. आजोबांना सगळं आठवतं.

खोटं कशाला बोलू? बहुतेक वेळा आजोबा बरोबर असायचे. म्हणूनच सह्या हळूहळू न बघता व्हायला लागल्या.

वहिनीच्या प्लॅनमध्ये आजोबांनी फक्त उजवी बाजू घेतली होती. डावी मान पूर्ण सोडलेली. डावीकडची लाळेची ग्रंथी वाचेल, तोंड कमी सुकेल, असं मोठे डॉक्टर म्हणाले.

"मॅच उत्तम आहे. काळजी नको."

मलाही बरं वाटलं.

पहिले काही दिवस सुरळीत गेले. मग ती दुपार आली.

वहिनीला झोपवलं. मास्क लावला. हात इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून पेशंटला एक रबरी कडं देतो, पोटावर दोन्ही हातांनी धरायला. ते दिलं. दार लावलं. माझी जोडीदारीण पुढच्या पेशंटला तयार करायला गेली होती. मी एकटीच पडद्यासमोर होते. बटण दाबलं.

आतलं ऐकायला बाहेर एक स्पीकर असतो. रोजचीच मशीनची घरघर.

आणि त्या घरघरीत…

टक्.

टक् टक्.

बोटाच्या पेराने फळीवर ठोकावं तसं.

मी पडद्याकडे बघितलं. टेबलाच्या बाजूला…

हात वर होता.

मी मशीन थांबवलं. धावत आत गेले. क्लिपा सोडल्या, मास्क काढला.

"वहिनी, काय झालं? श्वास लागतोय का?"

"झालं पण एवढ्यात?" तिने डोळे उघडले. "आज लवकर आटपलंस."

"तू हात वर केलास ना?"

"मी? अगं, मी हे तुझं कडं धरून पडलेय मघापासून."

भास झाला असेल म्हटलं. माणूस स्वतःचं असलं की मन चिंती ते वैरी न चिंती. पुन्हा मास्क लावला आणि बाहेर येऊन उरलेलं पूर्ण केलं. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पापणीसुद्धा मिटणार नव्हते. पडद्याला नाक लावून बसले. पोटावर कडं होतं. कड्यावर दोन हात. उजवा. डावा. दोन्ही वहिनीचे, गाऊनच्या बाह्यांतून आलेले.

टक्.

टक् टक्.

दोन्ही हात हलले नाहीत. मी बघतेय. अजिबात हलले नाहीत.

आणि टेबलाच्या डाव्या कडेपलीकडून… हळूहळू…

तिसरा हात वर आला.

पुरुषाचा हात. जाड पेरांचा. तो वर आला, थांबला, मग वळला. आणि वहिनीच्या मानेकडे, डाव्या कानाच्या खाली, बोट करून राहिला.

मधलं बोट अर्धंच होतं.

मी ओरडले नाही. कारण तो हात माझ्या ओळखीचा होता.

सुतारकाका.

आजोबा यायच्या बऱ्याच आधीचे आमचे पेशंट. बोट करवतीत गेलेलं. कोणी विचारलं की म्हणायचे, "तिला भूक लागली होती." टेबलावर झोपण्याआधी रोज पेराने फळी ठोकून बघायचे. टक्, टक् टक्. "प्लास्टिकच आहे. मला सांगितलं असतं तर अस्सल लाकडाचं करून दिलं असतं." मास्कच्या क्लिपा लावताना म्हणायचे, "नीट ठोक गं पोरी. माल हलायला नको."

त्यांनाही जिभेच्या उजव्या कडेलाच कॅन्सर. त्यांचाही प्लॅन फक्त उजवीकडचा. तो माणसांनीच आखलेला, घाईत.

उपचार संपत आले तसे ते टेबलावर हात वर करायला लागले. मी थांबवून आत जायचे, तर ते मास्कवरूनच डाव्या कानाखाली बोट दाखवायचे. मास्क काढला की म्हणायचे, "इथे काहीतरी आहे गं." मी डॉक्टरांना सांगितलं. "रेडिएशनची सूज आहे," म्हणाले. पुन्हा सांगितलं. तेच उत्तर. आणखी एकदा सांगितलं, तर मलाच झापलं. मशीनचा वेळ जातो म्हणे.

उपचार संपले. काका परत आले नाहीत.

काही महिन्यांनी त्यांची बायको आली. शांत बाई. "ते गेले," म्हणाली. "डावीकडे एवढी गाठ आली होती. तो जाळीचा मास्क आहे का हो अजून? त्यात त्यांचा चेहरा आहे ना." कपाटात होता. मी दिला. पाण्याने भरलेलं भांडं न्यावं तसा दोन्ही हातांनी धरून घेऊन गेली.

त्याच दिवशी मी ऑफिसात सांगितलं, हे पेशंट वारले, नोंद करा. तर म्हणाले, दाखला आणा. म्हणजे नवरा गेलेल्या बाईने इथल्या कंप्युटरसाठी दाखला घेऊन खेटे घालायचे! ती कशाला येईल? नोंद झाली नाही.

हे सगळं पडद्यासमोर उभ्या उभ्या डोक्यात आलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी भीती संपली. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी मशीन थांबवलं. वहिनीला बाहेर आणून दादाजवळ बसवलं. मग मशीनची चावी फिरवली, काढली आणि खिशात टाकली.

चावीशिवाय मशीन सुरू होत नाही. वेटिंगमध्ये पेशंट ताटकळले. पाचेक मिनिटांत मोठे डॉक्टर खाली आले. मागोमाग फिजिसिस्ट. तरुण मुलगा, मला ताई म्हणतो.

"काय चाललंय हे?"

"सर, माझ्या वहिनीचा प्लॅन परत बघा. डावी मान बघा."

"का?"

काय सांगणार? मेलेला माणूस बोट दाखवतोय म्हणून?

"मला शंका आहे."

"शंका?" ते हसले. "हजारो केसेसवरून काढलेला प्लॅन आहे तो. तुमच्या शंकेवर बदलायचा? नातेवाईक टेबलावर असला की असं होतं. झोप झालीय का तुमची?"

"माझी झोप माझ्या घरी आहे, सर. चावी माझ्या खिशात आहे. हिंमत असेल तर काढून घ्या."

असं बोलले मी. आयुष्यात पहिल्यांदा. वेटिंगमधल्या लोकांनी पेपर खाली केले.

फिजिसिस्ट मध्ये पडला. "सर, बघायला काय जातंय? कोणत्या केसेसवरून आलाय तेवढं काढतो. दोन मिनिटं."

आम्ही शेजारच्या खोलीत गेलो. फिजिसिस्ट कंप्युटरपुढे बसला. मी त्याच्या मागे उभी राहिले. मोठे डॉक्टर दारात, हाताची घडी घालून.

"या प्लॅनवर सगळ्यात जास्त वजन या केसचं आहे," फिजिसिस्ट म्हणाला.

नाव नव्हतं. नुसता नंबर. त्याने स्कॅन उघडला. स्कॅनवरून कंप्युटर माणसाचा चेहराही उभा करतो. राखाडी, केस नसलेला, डोळे मिटलेला. तो चेहरा पडद्यावर आला.

नाक डावीकडे किंचित वाकलेलं. हनुवटीवर खाच.

"हे सुतारकाका आहेत," मी म्हटलं.

फिजिसिस्टने मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"यांचं पुढे काय झालं, ते तिथे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"काहीच नाही. तो रकाना रिकामा आहे."

"रिकामा म्हणजे?"

"ताई, सॉफ्टवेअरमध्ये माहिती भरताना… ज्यांचा आजार परत आल्याची नोंद नाही, त्या सगळ्या केसेस चांगल्या धरल्या होत्या. प्लॅनवर डॉक्टरांची सही आहे, नंतर तक्रार नाही. म्हणजे हा प्लॅन…"

"म्हणजे हा प्लॅन यशस्वी?"

त्याने मान डोलावली.

"अरे, मेलाय तो माणूस!" माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार. "बोट दाखवून दाखवून मेला! आणि तुम्ही त्याला आदर्श म्हणून लावलाय? आजोबांना सगळं आठवतं ना? कोण मेलं तेवढं आठवत नाही!"

"आवाज कमी करा," दारातून डॉक्टर म्हणाले.

आणि तेव्हाच…

पडद्यावरचा तो चेहरा वळला.

सावकाश. डावी मान आमच्यासमोर येईपर्यंत. डाव्या कानाखाली बारीकसा फुगवटा होता. आमच्याच स्कॅनमध्ये. पहिल्या दिवसापासून.

"माऊसला हात नको लावूस," मी म्हटलं.

"मी लावलेला नाहीये, ताई."

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. मी बघितले. त्याने माऊस धरला, चेहरा सरळ केला आणि हात काढून घेतला.

चेहरा परत वळला.

त्या कंप्युटरला स्पीकर नाही. तरीही, टेबलाच्या आतून आल्यासारखं…

टक्.

टक् टक्.

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांच्या हाताची घडी सुटली होती. "सॉफ्टवेअर हँग होतंय," ते म्हणाले. मग कोणाकडेही न बघता म्हणाले, "पेशंटचा नवीन स्कॅन करून घ्या. आत्ता."

केला.

वहिनीच्या डाव्या मानेत गाठ होती. डाळीच्या दाण्याएवढी. फिजिसिस्टने तिचा जुना स्कॅनही काढला. त्यातही होती, याहून लहान. आजोबांनी ती बाजू सोडली होती, म्हणून माणसांनीही तिकडे बघितलं नव्हतं.

नवा प्लॅन फिजिसिस्टने स्वतः बसून आखला. दोन्ही बाजूंचा. डॉक्टरांनी तो रेघ न् रेघ बघितला, हेही सांगते, उगाच कोणाचं श्रेय कशाला खाऊ? वहिनीने फार सोसलं. तोंड सोलून निघालं, आवाज बसला, ती पाटीवर लिहून भांडायची. आता बरी आहे. दादा म्हणतो रेडिओ दुरुस्त होऊन आला, आता बंदच होत नाही.

मी तिला त्या हाताचं सांगितलेलं नाही. ती हे वाचणार असेल तर, वहिनी, माफ कर.

तुम्हाला वाटेल संपलं. मलाही वाटलं होतं.

मला मेमो मिळाला. परवानगीशिवाय मशीन बंद ठेवल्याबद्दल. मी तो घेतला आणि मोठ्या डॉक्टरांना एकच मागणी केली. सुतारकाकांची केस त्या सॉफ्टवेअरमधून काढा.

"एका केसने काय होतं? हजारो आहेत."

"त्या हजारांत रिकामे रकाने किती?"

त्यांना माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. ते मोजायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! फिजिसिस्टने कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, आता बदल करता येणार नाही, पुढच्या आवृत्तीत बघू. आणि तोपर्यंत हेच आजोबा, आमच्या पेशंटांवर शिकलेले, आणखी कुठल्या कुठल्या हॉस्पिटलांत गेले. यशस्वी म्हणून.

त्यानंतर काही दिवसांनी घशाचे एक पेशंट होते. शाळामास्तर. मास्क लावला. कडं दिलं. दार लावलं. बटण दाबलं.

टकटक आली नाही. नुसती घरघर.

मी हुश्श करणार, तेवढ्यात टेबलाच्या कडेपलीकडून…

हात वर आला.

सुतारकाकांचा नव्हता. बाईचा होता. बारीक मनगटाचा.

मग दुसऱ्या बाजूने एक. म्हाताऱ्या माणसाचा, सुईच्या डागांनी काळानिळा झालेला.

मग पायांकडून एक.

मी मशीन थांबवलं. मास्तरांचा प्लॅन परत बघायला लावला. भांडून. त्यातही चूक निघाली. लहान होती, पण निघाली.

आता मी प्रत्येक वेळी थांबवते. मला दुसरा मेमो आलाय. पुढच्या महिन्यापासून मला वरच्या मजल्यावर नोंदणीच्या खिडकीवर बसवणार आहेत. माझ्या जागी नवी मुलगी आलीय. हुशार आहे. पण परवा तिच्या मागे जाऊन उभी राहिले, तर आत मशीन चालू होतं आणि ती मोबाईल बघत होती.

मी तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं.

टेबलाच्या चहूबाजूंनी हात होते. गर्दी करून. सगळे वर.

"काय झालं, ताई?" तिने वळून विचारलं. "पेशंट तर शांत पडलेत."

तिला दिसतच नव्हते. मी तिला ढकलून मशीन थांबवायचं बटण दाबलं. त्याचाही मेमो येईल. येऊ दे.

उपचार सोडू नका. माझी वहिनी त्या किरणांमुळेच जिवंत आहे. पण तुमचं माणूस त्या टेबलावर असेल, तर बाहेर पेपर वाचत बसू नका. भांडा. प्लॅन कोणी बघितला ते विचारा. ज्या जुन्या पेशंटांवरून तो काढला, त्यांचं पुढे काय झालं ते विचारा. आणि एकदा तरी तो पडदा बघू द्या म्हणून अडून बसा.

हात मोजा.